ऑपॅम्पचा आउटपुट स्विंग: गारठ्यात कमी पडतो की तापल्यावर, आणि किती

मागे एका बोर्डवर माझे दोन दिवस गेले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात पक्का बसला, म्हणून तिथूनच सुरू करतो. सर्किट साधंच होतं, सेन्सरचा बारीक सिग्नल, तो मोठा करायला एलएम २९०४ हा ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, आणि पुढे त्या व्होल्टेजचा आकडा करणारा एडीसी. फुल स्केलला ऑपॅम्पनं ३.० व्होल्ट द्यायचे होते. सप्लाय ५ व्होल्टचा, पण कोणी वायर उलटी लावली तर बोर्ड जळू नये म्हणून वाटेत एक साधा सिलिकॉन डायोड टाकलेला, त्यामुळे ऑपॅम्पच्या पिनवर प्रत्यक्षात ४.३५ च्या आसपासच यायचे. टेबलावर सगळं व्यवस्थित, आउटपुट ३.१ पर्यंत आरामात जायचं. मग बोर्ड थर्मल चेंबरमध्ये टाकला, उणे २० डिग्री लावले, आणि वरच्या टोकाचं रीडिंग एकाच आकड्यावर चिकटून बसलं. खालची, मधली रीडिंग एकदम बरोबर, फक्त वर सपाट. आधी सेन्सरवर संशय घेतला, मग एडीसीच्या रेफरन्सवर, आणि शेवटी ऑपॅम्पच्या आउटपुट पिनवर मीटर लावला तेव्हा दिसलं की तो २.८३ च्या वर जायलाच तयार नाही. हा २.८३ कुठून आला ते पुढे येतंच, कारण तोच हिशोब आधी कागदावर केला असता तर चेंबरपर्यंत जायची गरजच नव्हती.

स्विंग म्हणजे काय हे एकदा पक्कं करून घेऊ. ऑपॅम्पला जेवढा सप्लाय देतो तेवढं सगळं आउटपुटला मिळत नाही, वरच्या रेलच्या, म्हणजे सप्लायच्या वरच्या टोकाच्या, खाली थोडी जागा वाया जाते आणि खालच्या रेलच्या वर थोडी, मधे उरतं तो आपला स्विंग. त्या वाया जाणाऱ्या जागेला हेडरूम म्हणतात. तापमान बदललं की खरा बदलतो तो हा हेडरूम, म्हणून ‘आउटपुट कुठपर्यंत जाईल’ असं विचारण्यापेक्षा ‘रेलपासून किती अंतर राहील’ असं विचारलं की डोकं लवकर चालतं. ३० व्होल्ट सप्लायवरून ५ व्होल्टवर आलात तरी हेडरूम साधारण तोच राहतो, निदान बायपोलर ऑपॅम्पमध्ये तरी, त्यामुळे अंतर धरून चाललं की डेटाशीटमधले आकडे आपल्या सप्लायवर आणता येतात.

आता मुख्य प्रश्न. बहुतेक जण धरून चालतात की तापलं की सगळं बिघडतं, म्हणून फक्त वरच्या तापमानाला तपासलं की काम झालं. ऑपॅम्पच्या स्विंगच्या बाबतीत हे अर्ध्या वेळा चुकतं. कुठलं टोक वाईट हे ऑपॅम्पच्या नावावरून कळत नाही, त्याच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवरून कळतं, म्हणजे आउटपुट पिनला आतून कोण जोडलंय आणि कसं जोडलंय यावरून. एवढं एक कळलं की बाकीचं अंकगणित आहे.

पहिला प्रकार जुन्या वळणाचा, एमिटर फॉलोअर. १९६८ साली फेअरचाइल्डनं आणलेला ७४१ घ्या, एलएम ३२४, ३५८, २९०४ घ्या, यांच्या आउटपुटला बायपोलर ट्रान्झिस्टरचा एमिटर असतो. एमिटर वर जायला बेस त्याच्याही वर पाहिजे, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट वर, आणि बेसला वर ओढणारा जो करंट सोर्स, म्हणजे ठरावीक करंट देणारा भाग, असतो त्यालाही स्वतःला जगायला थोडे व्होल्ट लागतात. ३५८ च्या वरच्या बाजूला तर एकामागे एक असे दोन ट्रान्झिस्टर आहेत, डार्लिंग्टन जोडी, म्हणजे बेस-एमिटरचे दोन ड्रॉप. म्हणूनच सगळीकडे ‘३५८ सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतो’ असं सांगितलं जातं, ते काही नशीब नाही, दोन जंक्शन, म्हणजे ते बेस-एमिटरचे दोन जोड, अधिक थोडंसं असा तो हिशोब आहे.

आणि सिलिकॉन जंक्शनचा एक गुण सगळ्यांना पाठ असतो पण इथे आठवत नाही: करंट तोच ठेवला तर दर डिग्रीला ड्रॉप साधारण २ मिलीव्होल्टनं कमी होतो. तापलं की कमी, गार झालं की जास्त. म्हणजे फॉलोअरवाल्या ऑपॅम्पचा हेडरूम गारठ्यात वाढतो, आणि वाईट टोक हे थंडीचं. २५ वरून उणे ४० ला गेलात तर ६५ डिग्री, एका जंक्शनला १३० मिलीव्होल्ट, दोनला २६०. उलट १२५ डिग्रीला तोच ऑपॅम्प टेबलावरच्यापेक्षा जास्त स्विंग देतो, त्यामुळे फक्त गरम करून तपासणाऱ्याला सगळं उत्तम दिसतं आणि अडचण गारठ्यात तशीच दबा धरून बसते.

आता माझा २.८३. टेबलावर वरचा टप्पा ३.१० होता. २५ वरून उणे २० म्हणजे ४५ डिग्री, दर जंक्शनला ९० मिलीव्होल्ट. जंक्शन किती? ऑपॅम्पच्या आत दोन. आणि तिसरं ते सप्लायच्या वाटेतलं डायोड, जे मी हिशोबात धरलंच नव्हतं कारण ते ‘ऑपॅम्पचं’ नाही, पण गारठ्यात तेही जास्त व्होल्ट खातं आणि ऑपॅम्पची रेलच खाली येते. तीन गुणिले ९० म्हणजे २७०, ३.१० वजा ०.२७ बरोबर २.८३. इतकं चपखल दरवेळी जुळत नाही, २ मिलीव्होल्टचा आकडा करंटप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज म्हणून तो फार भरवशाचा आहे. माझ्या मते ज्याला हे अंकगणित हाताशी आहे त्यानं सर्किट बघताना रेलपासून आउटपुट पिनपर्यंत वाटेत येणारी जंक्शनं बोटावर मोजावीत, आतली बाहेरची सगळी.

३५८ च्या घराण्यातली खालची बाजू पण बघून ठेवा, तिथे वेगळाच घोळ आहे. आउटपुट जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकतं असं म्हणतात ते खरं, पण फक्त जेव्हा करंट खेचायचा नसतो तेव्हा. आउटपुट साधारण ०.६ व्होल्टच्या खाली गेलं की करंट खेचणारा मोठा पीएनपी ट्रान्झिस्टर बंद होतो आणि उरतो तो टिपिकल ५० मायक्रोअँपचा छोटा करंट सोर्स, ज्याची डेटाशीटमधली खात्री तर फक्त १२ मायक्रोअँपची आहे. आणि तो ०.६ म्हणजे पुन्हा जंक्शनचाच ड्रॉप, म्हणजे गारठ्यात ती पायरी ०.७ च्याही पुढे सरकते. लोड जमिनीकडे लावलेला असेल तर लोडच खाली ओढतो आणि हे कधी जाणवत नाही, पण लोड सप्लायकडे असेल किंवा फीडबॅकमधून, म्हणजे आउटपुटवरून इनपुटकडे परत जाणाऱ्या वाटेतून, करंट उलटा येत असेल तर नक्की जाणवतं.

दुसरा प्रकार म्हणजे आजकालचे सीमॉस, म्हणजे मॉसफेटचे बनलेले, रेल-टू-रेल आउटपुटवाले. इथे आउटपुट पिनला मॉसफेटचा ड्रेन असतो, वर पी-चॅनल, खाली एन-चॅनल. रेलच्या जवळ गेल्यावर तो मॉसफेट पूर्ण उघडतो आणि जवळजवळ साध्या रेझिस्टरसारखा वागतो. मग हेडरूम म्हणजे काय, तर लोड करंट गुणिले तो रेझिस्टन्स, बस्स. ओहमचा नियम. करंट शून्य तर हेडरूमही जवळजवळ शून्य, करंट दुप्पट तर हेडरूम दुप्पट. ‘रेल-टू-रेल’ हे नाव वाचून लोक समजतात की ५ व्होल्ट दिले तर ५ व्होल्ट मिळणार, पण ते लोड न लावल्यावरचं खरं आहे, आणि तेव्हाही काही मिलीव्होल्ट कमीच.

या रेझिस्टन्सचा तापमानाशी संबंध उलटा आहे. सिलिकॉन तापलं की त्यातल्या इलेक्ट्रॉन आणि होल्सना पळायला अडथळा जास्त होतो, मोबिलिटी पडते, साधारणपणे केल्विनमधल्या तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात. आकड्यात बघा: २५ डिग्री म्हणजे २९८ केल्विन, १२५ म्हणजे ३९८, भागाकार १.३४, त्याचा दीड घात साधारण १.५४. म्हणजे १२५ ला रेझिस्टन्स दीडपटीच्या थोडा वर. ८५ ला साधारण १.३२ पट. उणे ४० ला ०.६९ पट, म्हणजे गारठ्यात हा ऑपॅम्प रेलच्या आणखी जवळ जातो. पाठ ठेवायला सोपं करायचं तर दर डिग्रीला अर्धा टक्का. मॉसफेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे गेटवर ज्या व्होल्टेजला तो उघडायला लागतो ते, तापल्यावर कमी होतो, त्यानं थोडी भरपाई होते, पण ५ व्होल्टसारख्या सप्लायला गेट ड्राइव्ह, म्हणजे गेटला मिळणारं व्होल्टेज, भरपूर असल्यानं मोबिलिटीच जिंकते. १.८ व्होल्टवर चालणाऱ्या ऑपॅम्पमध्ये मात्र गेट ड्राइव्हच तुटपुंजा, तिथे गारठ्यात थ्रेशोल्ड वाढून हिशोब उलटू शकतो, तेव्हा कमी सप्लायला एका टोकावर भरवसा ठेवू नका.

म्हणजे फॉलोअरला गारठा वाईट आणि सीमॉसला उष्णता. आणि यातून अंदाज काढायची रीतही वेगळी होते, जी मला सगळ्यात कामाची वाटते: फॉलोअरमध्ये तापमानाचा परिणाम बेरजेत येतो, सीमॉसमध्ये गुणाकारात. फॉलोअरला २५ डिग्रीच्या हेडरूममध्ये ठरावीक मिलीव्होल्ट मिळवायचे, लोड हलका असो की जड ते साधारण तेवढेच राहतात. सीमॉसला २५ डिग्रीच्या हेडरूमला गुणायचं, म्हणजे लोड हलका असेल तर तापमानानं काहीच बिघडत नाही आणि लोड जड असेल तर बरंच बिघडतं.

तिसरा प्रकार आहे बायपोलर रेल-टू-रेल, आउटपुटला कलेक्टर असलेला. तिथे ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये जातो, म्हणजे पूर्ण उघडतो, आणि हलक्या लोडला हेडरूम काही दहा मिलीव्होल्टचा असतो जो तापल्यावर हळूहळू वाढतो. पण गारठ्यात ट्रान्झिस्टरचा बीटा, म्हणजे बेस करंट किती पटीनं मोठा होतो तो आकडा, पडतो, त्यामुळे जड लोडला बेस करंट पुरत नाही आणि तिकडचं टोक वाईट होऊ शकतं. याला सरळ सूत्र नाही, ग्राफ बघायचा आणि दोन्ही टोकं तपासायची.

डेटाशीट वाचताना लोक जिथे फसतात ते आता. टेबलमध्ये आउटपुट स्विंगच्या ओळीत तीन गोष्टी आधी शोधा: लोड किती आणि कुठे जोडलाय, आकडा टिपिकल आहे की मिनिमम, आणि तो फक्त २५ डिग्रीचा आहे की पूर्ण रेंजचा. पूर्ण रेंजचे आकडे कोणी ठळक छापतं, कोणी बाजूला ठिपका देतं, कोणी वेगळा कॉलम करतं. ७४१ चंच बघा, १५-१५ व्होल्ट सप्लायला १० किलोओहम लोडवर टिपिकल १४, पण खात्री फक्त १२ ची, आणि २ किलोओहमला टिपिकल १३, खात्री १०. ३५८ ला ३० व्होल्ट सप्लाय, १० किलोओहम, टिपिकल २८ आणि मिनिमम २७, म्हणजे ‘दीड व्होल्ट हेडरूम’ म्हणत आपण डिझाइन करतो आणि कंपनी मात्र ३ व्होल्टचीच जबाबदारी घेते. पूर्ण रेंजचा मिनिमम तुमच्याच लोडला दिलेला असेल तर वरचं काहीही न करता तोच वापरा, यापुढचा सगळा अंदाज तो आकडा नसेल तेव्हासाठी आहे. आणि बहुतेक वेळा तो नसतोच, कारण तुमचा लोड २ किलोओहमही नसतो आणि १० किलोओहमही नसतो.

मग मागच्या पानांवर एक ग्राफ असतो, आडव्या अक्षावर आउटपुट करंट, उभ्यावर आउटपुट व्होल्टेज, उणे ४०, २५, ८५, १२५ अशा तीन-चार रेषा, वरून खाली वाकणाऱ्या आणि खालून वर येणाऱ्या. पंजाच्या नखांसारखा दिसतो म्हणून त्याला क्लॉ कर्व्ह म्हणतात. हा ग्राफ म्हणजे सोन्याची खाण आहे, पण तो टिपिकल पार्टचा आहे, तुमच्या हातातला पार्ट तसाच असेल असं नाही. त्यावरून थेट आकडा उचलायचा नाही, नातं उचलायचं. सीमॉस असेल तर तुमच्या करंटला गरम रेषेचा हेडरूम भागिले २५ च्या रेषेचा हेडरूम असं गुणोत्तर काढा आणि त्यानं टेबलमधल्या २५ डिग्रीच्या मॅक्सिमम हेडरूमला गुणा. फॉलोअर असेल तर दोन रेषांमधला फरक मिलीव्होल्टमध्ये वाचा आणि तो मॅक्सिमममध्ये मिळवा. अशानं पार्ट-पार्टमधला फरकही आला आणि तापमानही आलं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा सीमॉस ऑपॅम्प आहे, सप्लाय ५ व्होल्ट, टेबलमध्ये लिहिलंय की १० किलोओहम लोड मधल्या व्होल्टेजला जोडून २५ डिग्रीला हेडरूम जास्तीत जास्त २० मिलीव्होल्ट. लोड मधे जोडलाय म्हणजे त्याच्यावर २.५ व्होल्टच पडतात, करंट ०.२५ मिलीअँप. हे इथे नीट बघा, बरेच जण ५ भागिले १० किलोओहम करून ०.५ धरतात आणि रेझिस्टन्स निम्मा काढून बसतात. २० मिलीव्होल्ट भागिले ०.२५ मिलीअँप म्हणजे ८० ओहम. आपल्या सर्किटला वरच्या टोकाला २ मिलीअँप द्यायचेत, त्यात फीडबॅकचे रेझिस्टर जो करंट खातात तोही धरा, तो लोडच असतो. ८० गुणिले २, १६० मिलीव्होल्ट. आता डब्यातलं तापमान ८५, आतला चिप आणखी थोडा गरम म्हणून ९० धरू, ३६३ भागिले २९८, दीड घात, १.३४. हेडरूम २१५ मिलीव्होल्ट. सप्लाय ५ टक्क्यांनी कमी असू शकतो म्हणजे ४.७५. वजा केलं की ४.५३ च्या आसपास. मी इथे ४.५ धरून पुढचं डिझाइन करीन. ‘रेल-टू-रेल’वर विसंबून ५ व्होल्टचा फुल स्केल ठेवणाऱ्याचं अर्धा व्होल्ट इथेच गेलं. हलक्या लोडच्या ओळीतला मॅक्सिमम आकडा टेस्ट मशीनच्या मोजण्याच्या मर्यादेमुळेही थोडा मोठा ठेवलेला असतो, म्हणून २ किलोओहमची ओळ असेल तर रेझिस्टन्स तिच्यावरून काढा, जास्त खरा येतो. आणि हे सगळं तोपर्यंतच लागू जोपर्यंत करंट शॉर्ट-सर्किट करंटपेक्षा बराच कमी आहे. त्याच्या जवळ गेलात की रेषा एकदम खाली कोसळते, आणि सीमॉसमध्ये तो कोसळायचा बिंदू तापल्यावर आणखी अलीकडे येतो.

तापमान म्हणताना कुठलं तापमान हेही बघायला हवं. हिशोबात चिपचं लागतं, खोलीचं किंवा डब्याचं नाही. १५-१५ व्होल्टवरचा ऑपॅम्प नुसता बसून ५ मिलीअँप खात असेल तर १५० मिलीवॉट झाले, आणि छोट्या आठ पायांच्या पॅकेजला वॉटमागे १२० डिग्री धरले तर चिप १८ डिग्री जास्त गरम. सीमॉसला हे वाईट, हिशोबात मिळवा. फॉलोअरला उलट हे मदतीचं आहे, पण त्या मदतीवर विसंबायचं नाही कारण सप्लाय चालू केल्याच्या क्षणी चिप बाहेरच्याइतकाच गार असतो. गारठ्यात चालू केल्यावर वर सपाट होतं आणि थोड्या वेळानं आपोआप बरं होतं, असं कोणी सांगितलं तर मी पहिला संशय यावरच घेतो.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली आणि जी कळल्यावर माझी बरीच डिझाइन बदलली. टेबलमधला स्विंगचा आकडा हा ऑपॅम्पला मुद्दाम भिंतीवर आपटवून मोजलेला असतो, इनपुटला भरपूर फरक देऊन आउटपुट जितकं जाईल तितकं जाऊ देतात आणि तिथे मोजतात. त्या जागी ऑपॅम्प ऑपॅम्पसारखा वागत नसतो, गेन संपलेला असतो, फीडबॅकचा काबू सुटलेला असतो. आपल्याला मात्र अचूक रीडिंग हवं असतं. अचूकतेची हद्द कुठे आहे ते शोधायचं असेल तर ओपन-लूप गेनच्या, म्हणजे फीडबॅकशिवायच्या गेनच्या, ओळीत जा, तिथे टेस्टच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की आउटपुट रेलपासून अमुक इतकं, बऱ्याचदा १०० किंवा २०० मिलीव्होल्ट, आत ठेवून गेन मोजला. ते खरं वापरण्याजोगं स्विंग. स्विंगच्या ओळीत २० मिलीव्होल्ट आणि गेनच्या ओळीत १००, असा फरक अगदी सर्रास असतो. दोन व्होल्टेजमध्ये मोठं कोण एवढंच ठरवायला, अलार्मसाठी पहिला आकडा चालेल, मोजमापासाठी दुसरा घ्या, आणि तापमानाचा गुणाकार किंवा बेरीज त्याच्यावर करा.

कागदावरचं झालं की एकदा बेंचवर बघाच. ५ व्होल्टच्या सिग्नलमधले ४० मिलीव्होल्ट स्कोपच्या पडद्यावर नीट दिसत नाहीत, त्यापेक्षा मल्टीमीटरचा एक प्रोब सप्लायच्या पिनवर आणि दुसरा आउटपुट पिनवर, थेट चिपच्या पायांवर, ठेवा, हेडरूम सरळ मीटरवर येतो आणि सप्लायच्या हलण्याचा त्रासही जातो. इनपुट थोडं जास्त देऊन आउटपुट वर टेकवा, आकडा लिहा, लोड बदला, पुन्हा लिहा. दोन लोडवरचे आकडे प्रमाणात वाढले तर आत रेझिस्टन्स आहे, जवळजवळ तेवढेच राहिले तर जंक्शन आहे, आणि डेटाशीटमध्ये आतलं सर्किट दिलेलं नसलं तरी एवढ्यावरून प्रकार ओळखता येतो. मग फ्रीझ स्प्रे मारा आणि हॉट एअर द्या. फ्रीझ स्प्रेनं नक्की किती डिग्री झाले ते कळत नाही पण हेडरूम कुठल्या दिशेला सरकतोय ते लगेच कळतं. स्प्रेनंतर चिपवर दव धरतं, त्या ओलाव्यातून करंट गळतो आणि मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटमध्ये आकडे वेडेवाकडे येतात, म्हणून स्प्रे मारल्यावरचे पहिले काही सेकंदच खरे धरा आणि पुढच्या फेरीआधी बोर्ड पूर्ण वाळू द्या.

त्या बोर्डचं पुढे काय झालं ते राहिलं. ऑपॅम्प बदलून त्याच पायांचा सीमॉस रेल-टू-रेल टाकला, डायोड तसाच ठेवला. लोड फक्त एडीसीचा म्हणजे करंट जवळजवळ नाहीच, त्यामुळे ऑपॅम्पची दोन्ही जंक्शनं हिशोबातून गेली आणि उरलं एकटं डायोड. उणे २० ला रेल ४.२६ वर आली आणि ३.० व्होल्टच्या वर सव्वा व्होल्टाची मोकळी जागा राहिली.